अधीक्षण, पर्यवेक्षण की नुसती देखरेख?

भाषांतरवेडी: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ४ ला अडले आहे. पोलीस दलाचं सुपरिंटेंडन्स राज्य शासनाकडे, आणि अधिकाऱ्यांचं कंट्रोल, डायरेक्शन, सुपरव्हिजन त्याच्या अधीन. चारही शब्द एकाच वाक्यात! दोनदा ‘देखरेख’ लिहिलं तर वरचा कोण, खालचा कोण, कळतच नाही.

कृष्णाकाठ: वर अधीक्षण, खाली देखरेख. ‘पर्यवेक्षण’ नको. पर्यवेक्षक म्हटलं की शाळेतले उपमुख्याध्यापकांच्या खालचे सर आठवतात.

धातुपाठ: अधीक्षक, निरीक्षक, पर्यवेक्षक, तिघांच्याही पोटात ‘ईक्ष्’ धातू, म्हणजे पाहणे. नियंत्रणात मात्र ‘यम्’, आवरणे. पाहणारा वेगळा, लगाम धरणारा वेगळा. कलम १७ मध्ये जिल्ह्याचा अधीक्षक जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली आहे, तिथे ‘देखरेखीखाली’ लिहिलंत तर अर्थच बदलेल.

भाषांतरवेडी: पण शासनाचं अधीक्षण नुसतं पाहणं कुठे असतं? प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्य सुरक्षा आयोग नेमायला सांगितलं, ते सरकारने पोलिसांवर गैरवाजवी दबाव आणू नये म्हणूनच ना?

वऱ्हाडी: पोलिसांचा खरा शब्द तुम्ही कोणी घेतलाच नाही: ‘मार्गदर्शनाखाली’! कुठलीही प्रेसनोट वाचा. अधीक्षक, अपर अधीक्षक, उपविभागीय अधिकारी, सगळ्यांच्या मार्गदर्शनाखाली पथकाने आरोपी पकडला. कोठडीत कोणी मेला की निलंबन ठाण्यातल्यांचं, आणि मार्गदर्शन कोणाचं होतं ते कोणी लिहीत नाही. मला या शब्दाचा राग येतो. हुकूम दिला असेल तर हुकूम म्हणा.

कृष्णाकाठ: हुकूम अरबी आहे. आदेश म्हणा.

वऱ्हाडी: मग फौजदारही काढा! आमच्याकडे ठाण्याचा प्रमुख तो ठाणेदार, पाटीवर काही का लिहिलेलं असेना.

कृष्णाकाठ: आमच्याकडे फौजदार म्हणजे पीएसआय. वडील त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले, गावात अजून ‘फौजदारांचं घर’च म्हणतात. तो शब्द राहू द्या. पण नवे शब्द घडवताना संस्कृतकडे जायला काय हरकत आहे?

धातुपाठ: ‘अंमलदार’ पाहा. पेशवाईत अंमल चालवणारा अधिकारी, आता शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतचे सगळे ‘पोलीस अंमलदार’.

वऱ्हाडी: म्हणजे अंमल वरच्यांचा आणि नाव खालच्यांना.

कृष्णाकाठ: तसं नाही. ‘कर्मचारी’पेक्षा त्यात मान आहे. ठाणे अंमलदार तर जुनाच शब्द, तक्रार घेऊन गेलं की पहिली गाठ त्यांच्याशीच.

भाषांतरवेडी: बरं, पण कलम ४ चं काय करू?

धातुपाठ: ‘अंमल’वरून आठवलं, अफूचा अंमलही तोच का?