शिवाजी पार्कजवळचा १९३८ चा फ्लॅट, जुन्या लाद्यांवर व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायच्या का?

गोल_बाल्कनी: दादरला सासरचा जुना फ्लॅट आहे, बिल्डिंग १९३८ ची, त्या काळातल्या आर्ट डेको शैलीतली, बाल्कनी गोल वळलेली आणि हॉलची एक भिंतपण तशीच. आता आम्ही तिथे राहायला जाणार म्हणून डिझायनरने थ्रीडी व्ह्यू पाठवलेत, दिसतायत भारी पण त्यात आमचं घर कुठे आहे तेच सापडत नाही. साडेदहा फुटांच्या छताला सगळीकडे फॉल्स सीलिंग, मोझॅकवरच व्हिट्रिफाइड, गोल भिंतीपुढे प्लाय मारून ती सरळ केलीय आणि सागवानी खिडक्या काढून अॅल्युमिनियम स्लायडिंग. ह्यांना आवडलंय. मला म्युझियम नकोय हो, नीट किचन हवं, एसी हवा, भरपूर कपाटं हवीत. काय ठेवू, काय काढू?

सळई_सिमेंट: ताई, लाद्यांवर लाद्या नको. इंचभर सिमेंट-वाळूचा मसाला आणि वर १० मिमीची टाइल म्हटलं तर १०० चौरस फुटांना जवळजवळ ७०० किलो होतात. आणि फॉल्स सीलिंग लावलं की स्लॅब दिसायचा बंद होतो. समुद्र एवढा जवळ, खारी हवा, सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला तडे जातात, ते आधी दिसायला नको का? ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे, सोसायटीकडून रिपोर्ट मागून घ्या. वायरिंगसाठी बीम-कॉलमला खाचा मारू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाला "काय होत नाय मॅडम" तरी.

लादीवेडा: मोझॅकला अॅसिड लावू नका एवढंच सांगतो. अॅसिड संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट दोन्ही खातं. घासून पॉलिश करून घ्या, वर्षानुवर्षांचा मेणचट थर जातो आणि खालचा रंग बघून तुमच्या ह्यांचं मत बदलेल. फुटलेल्या लाद्या बाथरूमच्या कोपऱ्यातून, कपाटाखालून काढून बदलता येतात. नाहीच जमलं तर भारत फ्लोअरिंग्ज, १९२२ पासूनची स्वदेशी कंपनी, अजून सिमेंटच्या लाद्या बनवते.

पावसात_राहून_बघा: सगळे जुनं जुनं करतायत म्हणून लिहितोय. सागवानी खिडक्या फोटोत छान, जुलैत फुगल्या की दोघांनी ढकलायच्या आणि खालून पाणी आत. आमच्याकडे रस्त्याच्या बाजूला अॅल्युमिनियम लावलं, झोप लागते आता. बाल्कनीकडच्या ठेवा, बाकीचा हट्ट कशाला.

लादीवेडा: झिजलेल्या बिजागऱ्या बदला, कडा रंधून रबर पट्टी बसवा, पाणी बरंचसं थांबतं. रस्त्याच्या आवाजाचं मात्र मान्य.

फर्मा_आणि_रंधा: मी कस्टम फर्निचर करतो. गोल भिंत झाकणं म्हणजे त्या फ्लॅटमधली सगळ्यात भारी गोष्ट डब्यात टाकणं. भिंतीचा पुठ्ठ्याचा फर्मा काढायचा, खाली एक, खांद्याच्या उंचीला एक, कारण दोन्ही सारखे येत नाहीत. त्यावरून फ्लेक्सी (वाकणाऱ्या) प्लायमध्ये बुटकं बुकशेल्फ किंवा बसायचं बाकडं, वर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर. अशा बिल्डिंगीत भिंती गुण्यात (काटकोनात) नसतात, मॉड्युलर खोके आणून लावले की मागे फटी राहतात, मग त्या फिलर मारून लपवतात. कडेला पाऊण इंच जास्तीची पट्टी ठेवून जागेवर घासून बसवायला सांगा. कपाटं थेट छतापर्यंत न्या, साडेदहा फुटांत वरचा कप्पा गाद्या-बॅगांना. फॉल्स सीलिंग फक्त पॅसेजमध्ये, तिथून एसीचे पाइप जातील. आणि किचनचं सिंक आहे त्याच भिंतीला ठेवा, ड्रेनेज हलवलं की खालच्यांच्या छताला ओल ठरलेली.

गोल_बाल्कनी: बाकड्याचं ह्यांनाही पटलं! आता हेरिटेजची परवानगी लागते का ते सांगा, कोणीतरी युनेस्को युनेस्को म्हणत होतं.

सळई_सिमेंट: २०१८ ची ती यादी ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या भागापुरती, तुमची बिल्डिंग त्यात नाही. महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का ते वॉर्ड ऑफिसात विचारा. सोसायटीची लेखी एनओसी मात्र काम सुरू व्हायच्या आधी घ्या, तोडफोडीचा ब्रेकर सुरू झाला की खालचे पहिले वर येतात.