बेनेटनच्या जाहिराती : वादाची किंमत कोणी मोजली?

जाहिरातीवरून 'वाद झाला की फुकट प्रसिद्धी, नुकसान शून्य' असं म्हटलं जातं; पण बेनेटन या इटालियन कपड्यांच्या ब्रँडच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे.

तेलाने माखलेला पक्षी, राबणारी मुलं आणि उघड्या अंगावर 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असा शिक्का, या तीन जाहिरातींवर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९९५ मध्ये बंदी आणली. आधार अश्लीलतेचा नव्हता, अनुचित स्पर्धेच्या कायद्याचा होता : दुसऱ्याच्या दुःखाचा धंद्यासाठी वापर. तिथल्या राज्यघटना न्यायालयाने २००० मध्ये हा निकाल फिरवला; शिक्क्याच्या जाहिरातीवर दिवाणी न्यायालयाने बंदी कायम ठेवली, तर तीही २००३ मध्ये पुन्हा एकदा. आणि तिथवर लढलं कोण? त्या जाहिराती छापणाऱ्या 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाचे प्रकाशक! दरम्यान काही जर्मन दुकानदार 'खप बसला' म्हणत मालाचे पैसे अडवून बसले होते.

२००० साली अमेरिकेतल्या फाशीच्या कैद्यांच्या मोहिमेत घात झाला तो परवानगीच्या कागदावर. फोटो जाहिरातीसाठी आहेत हे लपवून तुरुंगात प्रवेश मिळवला, असा दावा मिझुरी राज्याने लावला. २००१ मध्ये त्या कैद्यांच्या गुन्ह्यांत बळी गेलेल्यांच्या कुटुंबांना माफीपत्रं आणि पीडित निधीला ५०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. बेनेटनचा माल विकणाऱ्या सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने करार मोडला तो वेगळाच. याउलट एड्सने मरणासन्न डेव्हिड कर्बीच्या फोटोला (१९९२) कुटुंबाची संमती होती, त्यामुळे टीका प्रचंड होऊनही ही बाजू भक्कम राहिली.

तेव्हा संमतिपत्रात 'जाहिरात' हा वापर, ब्रँडचं नाव, माध्यमं, देश आणि मुदत स्पष्ट लिहून घ्या. नुसत्या 'संपादकीय वापरा'च्या (म्हणजे बातमी-लेखासोबत छापण्याच्या) परवानगीवर होर्डिंग लावू नका.