हृदयविकारानंतरचं रिहॅब : तुमचे अनुभव लिहा

अर्धविराम :
माळा आवरताना ती उशी सापडली. बायपासनंतर खोकला आला की छातीशी गच्च धरायची ती. टाके उसवतील म्हणून मी शिंकसुद्धा गिळायचो. रिहॅबला, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाला, पहिल्या दिवशी ती बगलेत मारूनच गेलो. फिजिओ मॅडम म्हणाल्या, "उशीला बसू दे खुर्चीवर, तुम्ही चाला." सहा मिनिटं, जमेल तेवढं. २१० मीटरमध्ये घामाघूम. बारा आठवड्यांनी त्याच व्हरांड्यात ३९०. तुमचंही लिहा.

टिकटिक :
माझे ठोके वाढेचनात, मशीन बिघडलंय म्हणून भांडलो. बीटा ब्लॉकर नावाचं औषध चालू होतं, ते ठोके दाबून ठेवतं. म्हणून दमणूक ६ (अजिबात नाही) ते २० (पार गळालो) च्या तक्त्यावर सांगायची, मला ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलेलं. मी कायम १२ सांगायचो, मास्तर खूश. एकदा तोंड पांढरंफटक आणि वर "१२". सिस्टरनी पट्टाच बंद केला.

खिडकी :
@टिकटिक 😂 आमचे हे पण असेच!
मी तीन महिने बाहेरच्या बाकावर. आम्हा बाकावरच्या बायकांचा अजून ग्रुप आहे. एकीने धीर करून डॉक्टरांना "ते" विचारलं. ते म्हणाले, दोन जिने दम न लागता चढता आले की हरकत नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्ट रिकामी.

जुनंपान :
आजोबांना अ‍ॅटॅकनंतर दीड महिना कुशीवर वळायचीही बंदी होती. तेव्हा तीच रीत. १९५२ च्या सुमारास लेव्हिन आणि लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी अ‍ॅटॅकच्या रुग्णांना खुर्चीत बसवायचं ठरवलं, त्यावर केवढा गहजब झाला होता. विषयांतर झालं, सॉरी.

पायवाट :
ट्रेडमिल थांबली की टुणकन उतरू नका. मी उतरले, डोळ्यांपुढे अंधारी. पायातलं रक्त पायातच राहतं, बीपी पडतं. शेवटची पाच-दहा मिनिटं रेंगाळत चालायचं ते त्यासाठीच.

मधलाभाऊ :
बाबा यायलाच तयार नाहीत. "घरी चालतो की" म्हणतात. काय करू?

अर्धविराम :
@मधलाभाऊ एकदा नुसतं बघायला न्या. शेजारी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस सायकल मारताना दिसला की बघा.
खरं सांगू? मला व्यायामापेक्षा पलीकडे कुणीतरी स्क्रीनवर माझे ठोके बघतंय याचाच आधार होता. ३६ वं सेशन झालं, छातीवरचे स्टिकर निघाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या पोटात गोळा. नंतर एकटा फिरायला निघालो तर दर दोन मिनिटांनी मनगट चाचपत होतो. ते सुटायला पावसाळा गेला.

टिकटिक :
हे कुणी बोलत नाही. मी तर बाथरूमची कडी लावत नव्हतो. समुपदेशकाकडे चारदा गेलो, तेव्हा लावली.

खिडकी :
आमच्याकडे कडी मीच काढून टाकली होती 🙈
उशीचं काय केलंत पण?

अर्धविराम :
धुऊन वाळत घातली होती. मांजराने ताब्यात घेतली.