मदत हवी आहे: घरच्या तराजूसाठी ग्रॅमच्या आतली वजनं कशी करावीत?

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातला. आमची शाळूची (रब्बी ज्वारीची) कोरडवाहू शेती आहे आणि बियाणं घरचंच धरतो. कणसं निवडताना नुसत्या नजरेवर भागत नाही, म्हणून प्रत्येक कणसाचे शंभर दाणे मोजून वजन करायचं ठरवलंय. शंभर दाणे तीन-साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतात. मला फरक बघायचाय तो दशांश ग्रॅमचा.

लाकडी पट्टीची दांडी, मधे टेकवायला ब्लेडचं पातं, डब्यांच्या झाकणांची पारडी, असा तराजू केलाय. एक दाणा टाकला तरी काटा हलतो. अडलंय ते वजनांपाशी. खात्रीचं असं शिक्क्याचं ५० ग्रॅमचं लोखंडी वजन तेवढं घरात आहे. नाणी वापर म्हणतात, पण एकट्या रुपयाचेच किती प्रकार! जुना पोलादी ४.८५ ग्रॅमचा, २०११ च्या मालिकेतला ३.७९ आणि २०१९ च्या मालिकेतला ३.०९. वर झिजलेलं नाणं किती उतरलंय, कसं कळणार? डिजिटल काटा घ्या असं कृपया सुचवू नका, तो बरोबर दाखवतोय का हे बघायलाही वजनंच लागतात.

दुसरी अडचण म्हणजे पासंग बांधून रिकामी पारडी सारखी केली, तरी पारडी अदलाबदल केली की वजन वेगळं भरतं. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
दादा, दांडीच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या नाहीत. पासंगाने रिकामा तराजू सरळ होतो, लांबीतला फरक तसाच राहतो. दांडी तासत बसू नका. उजव्या पारड्यात ५० ग्रॅम ठेवा आणि डावीकडे वाळू टाकून काटा मधे आणा. मग वाळूला हात न लावता वजन काढा आणि त्याच उजव्या पारड्यात ५० ग्रॅमची करायची ती वस्तू ठेवा. काटा पुन्हा मधे आला की ती ५० ग्रॅमच. दांडी वाकडी असली तरी बिघडत नाही. दाणेही नेहमी एकाच पारड्यात ठेवा.

प्रतिसाद २:
वजनांसाठी मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणा. १८ गेजची (गेज म्हणजे जाडीचा आकडा, आकडा मोठा तशी तार बारीक) पावणेपाच मीटरच्या जरा पुढे ५० ग्रॅम भरते. वर सांगितलंय तशी तोलून नेमकी कापा, ताणून टेपने मोजा आणि लांबीचे भाग पाडा. पाचवा भाग १० ग्रॅम, दहावा ५ ग्रॅम. या ५ ग्रॅमला २६ गेजची बारीक तार तोला, ती जवळपास ३ मीटर ४० सेंटीमीटर होईल. तिचे पन्नास भाग केले की दशांश ग्रॅमला सुमारे ७ सेंटीमीटरचा तुकडा येतो, म्हणजे एखादा मिलिमीटर चुकला तरी फारसं बिघडत नाही. ५, २, २, १ असा संच करा, म्हणजे २+२+१ समोर ५ ठेवून पडताळता येतं. तारेवरचा मुलामा खरवडू नका, त्याने तांबं काळं पडत नाही.

विक्रीला मात्र ही वजनं चालणार नाहीत, तिथे वैधमापन खात्याचा शिक्का लागतोच. बियाणं निवडायला खुशाल वापरा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. २६ गेजची तार मिळाली नाही तर २४ ची चालेल का?

प्रतिसाद २:
चालेल. तुकडे थोडे आखूड येतील, दशांश ग्रॅमला साधारण साडेचार सेंटीमीटर. लांबी तोलूनच ठरवा, माझ्या आकड्यावर कापू नका.