मदत हवी आहे : ४३७ मेगाहर्ट्झवरचा अनोळखी उपग्रह

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला गच्चीवरून आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त यूएसबी रेडिओ डोंगल) आणि हातातल्या, एका दिशेने रोखायच्या यागी अँटेनाने उपग्रहांचे सिग्नल ऐकतो. ४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास एक सिग्नल रोज संध्याकाळी साधारण त्याच सुमारास मिळतोय. उत्तरेकडून येतो, दहाएक मिनिटांत दक्षिणेला मावळतो. वॉटरफॉलवर (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणाऱ्या चित्रावर) डॉप्लरचा, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकण्याचा, एस-आकार स्वच्छ दिसतो, एकूण सरक २० किलोहर्ट्झच्या जवळपास. म्हणजे पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेतला हे नक्की, आणि बहुधा ध्रुवांवरून जाणारा. पण सॅटनॉग्सच्या (हौशी मंडळींच्या उपग्रह-श्रवण जाळ्याच्या) यादीत जुळणारं काही सापडत नाही. एकाच रॉकेटवरून सुटलेल्या क्यूबसॅटच्या (छोट्या, ठोकळ्याएवढ्या उपग्रहांच्या) घोळक्यातला, अजून नाव न जुळलेला असावा असं मला वाटतं.

एसटीआरएफ या सॉफ्टवेअरमधल्या आरएफफिटने हा डॉप्लरचा वक्र सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावरच्या टीएलईंशी (उपग्रहांच्या कक्षांच्या आकड्यांशी) जुळवतोय, पण एकाच घोळक्यातले दोन-तीन उमेदवार सारखेच बसतात. एका ठिकाणच्या नोंदींवरून ते वेगळे करता येतील का? किती दिवसांचे पास (उपग्रहाच्या आकाशातल्या फेऱ्या) लागतील? आपल्या उन्हात डोंगल तापून फ्रिक्वेन्सी सरकते, ती चूक कशी वजा करता?

पुणे, हैदराबाद, भोपाळकडचं कुणी त्याच वेळी ऐकू शकेल का? संगणकाचं घड्याळ एनटीपीला (इंटरनेटवरच्या अचूक वेळेला) लावून घ्या, सेकंदाचा फरकही इथे नडतो. रेकॉर्डिंग आणि वेळा लगेच पाठवतो. हा उपग्रह कुणाचा ते मला खरंच शोधायचंय.