शब्दचर्चा : 'ग्रँट'ला 'अनुदान' म्हटलं की लोक सबसिडी समजतात

जर्सीकर
मंडळी, मदत हवी आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या गावाने पोलीस खात्यासाठी जॅग ग्रँट (जस्टिस असिस्टन्स ग्रँट, म्हणजे पोलीस-न्याय कामासाठी अमेरिकेचं केंद्र सरकार राज्यांना आणि गावांना देतं तो पैसा) मागायचं ठरवलंय. अर्ज धाडण्याआधी तो निदान ३० दिवस कौन्सिलपुढे ठेवावा लागतो आणि लोकांना मत मांडायला वाव द्यावा लागतो, असं कायद्यातच आहे. इथल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर निम्मे लोक इंग्रजी कागद वाचत नाहीत, म्हणून मी एका पानाचं मराठी टिपण करतोय. 'केंद्राकडून मिळणारं अनुदान' असं लिहिलं, तर एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे आपल्याला कशात सूट मिळणार?" त्यांच्यासाठी अनुदान म्हणजे ठिबकचं, गॅसचं. पुढे 'फौजदारी न्याय' वाचून दुसरे म्हणाले, "कोर्टाची फी कमी होणार का?"
अडलेले शब्द : ग्रँट, ब्लॉक ग्रँट (एकेका कामाला न बांधता एकरकमी दिलेली), पास-थ्रू (वरून आलेला पैसा खाली पोचवणं) आणि सप्लांट (आधीच्या खर्चाची जागा घेणं). शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा.

लेखाशीर्ष
मंत्रालयात लेखा शाखेत नोकरी झाली म्हणून सांगतो. 'अनुदान' हाच शब्द बरोबर आहे. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ३१ हे उद्दिष्टशीर्ष (खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) 'सहायक अनुदाने' आणि ३३ हे 'अर्थसहाय्य'. ग्रँट म्हणजे ३१, सबसिडी म्हणजे ३३. संविधानाच्या अनुच्छेद २७५ मध्ये केंद्र राज्यांना देतं तीही अनुदानंच. शासनाच्या भाषेत गोंधळ नाही, तो वर्तमानपत्रांनी घातला.

सातबारा
लेखाशीर्षसाहेब, माफ करा, पण महाडीबीटीवर अर्ज केला की ठिबकचं 'अनुदान' मंजूर झाल्याचं शासनच कळवतं. तेहतीस नंबर आम्हाला कोण सांगतो? शेतकऱ्याने आधी पदरचे पैसे घालायचे, मग काही टक्के परत मिळतात, ते अनुदान. गावागावांत हाच अर्थ आहे आणि तो चुकीचा ठरवायचा अधिकार कुणाला नाही.

सुनंदा_टीचर
आमच्या शिक्षकांमध्ये तिसराच अर्थ. अनुदान म्हणजे पगार! शाळा विनाअनुदानित होती तेव्हा वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर शिकवलं. मग २० टक्के टप्पा, मग ४० टक्के. पण बोलताना आम्ही कधीच 'अनुदान मिळालं' म्हटलं नाही, 'शाळा ग्रँटवर आली' असंच म्हणायचो. जर्सीकर, सरळ 'ग्रँट' लिहा. आजोबांना नक्की कळेल.

शुद्धमती
ग्रँट ठेवायचा तर टिपण मराठीत करायचंच कशाला? आणि 'अनुदान'ही मला खटकतो, कारण त्यात 'दान' आहे. हा लोकांनी भरलेला कर आहे. तो परत लोकांच्या कामाला येतो, त्यात दाता कोण आणि याचक कोण? 'साहाय्यनिधी' म्हणा. तसंच 'फौजदारी'. फौज अरबी, दार फारसी. 'दंडन्याय' हा सुटसुटीत शब्द असताना मोगलाई अधिकाऱ्याच्या हुद्द्यावरून न्यायाला नाव का द्यायचं?

वाकडं_तिकडं
शुद्धमतीताई, फौजदारी शब्द मराठीत इतकी शतकं मुरलाय की 'दिवाणी-फौजदारी' खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही कळतं. दंडन्याय म्हटलं तर त्याला वाटेल, दंड भरायचा आहे. असंच शोधत गेलात तर 'तुरुंग'ही जाईल, तो पोर्तुगीज. मात्र टीव्हीवर हल्ली 'गुन्हेगारी न्यायव्यवस्था' ऐकू येते, त्याला माझा कडवा विरोध. त्याचा अर्थ न्यायव्यवस्थाच गुन्हेगार असा होतो.

जर्सीकर
'दाना'बद्दल शुद्धमतीताईंचा मुद्दा मला पटतो, पण वेगळ्या कारणाने. दान अटीवर देत नाहीत, आणि इथे तर सगळं अटींवर चालतं. २०१७ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने याच जॅगला स्थलांतरितांबाबतच्या अटी जोडल्या. शिकागो शहर कोर्टात गेलं आणि २०१८ मध्ये सातव्या सर्किटच्या (अपिलांसाठी देशाचे जे विभाग केलेत त्यांपैकी एक) अपील न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. २०२० मध्ये दुसऱ्या सर्किटने नेमका उलट निकाल दिला. अटींवरून इतकं रण माजतं त्याला दान कसं म्हणणार?
आणि पैसा नेहमी करातलाच असतो असंही नाही. १९८४ च्या कायद्याने गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी जो केंद्रीय निधी उभा केला, तो मुख्यतः दोषींनी भरलेल्या दंडातून येतो.

लेखाशीर्ष
मग 'निधी'च म्हणा. आपल्याकडे २०१३ चा निर्भया निधी आहेच. जॅगमागेही कुणाचं नाव आहे ना?

जर्सीकर
हो. एडवर्ड बर्न, न्यूयॉर्कचा २२ वर्षांचा पोलीस. क्वीन्समध्ये गयानाहून आलेल्या एका माणसाने अमली पदार्थांच्या विक्रीबद्दल पोलिसांत तक्रार केली, म्हणून त्याच्या घरावर पेटते बॉम्ब टाकले गेले. त्या घरावर पहारा देत गाडीत बसलेला असताना २६ फेब्रुवारी १९८८ ला बर्नला गोळ्या घातल्या. त्याच वर्षीच्या कायद्यात राज्यांना मिळणाऱ्या मदतीला त्याचं नाव दिलं. १९९६ पासून गावांसाठी वेगळी ब्लॉक ग्रँट होती. २००५ च्या कायद्याने दोन्ही एकत्र केल्या, तीच जॅग. हे नाव टिपणात राहायलाच हवं. साक्षीदाराला राखताना जीव गेलेल्या माणसाच्या नावाचा पैसा आहे, हे लोकांना कळलं तर ते त्याचा हिशेबही विचारतील.

गटग्रामपंचायत
ब्लॉक ग्रँटला चुकूनही 'गट अनुदान' लिहू नका. आपल्याकडे ब्लॉक म्हणजे पंचायत समितीचा गट, गटविकास अधिकारी. लोकांना वाटेल बीडीओकडून येणार. 'ठोक अनुदान' म्हणा. नगरपालिकेत 'ठोक तरतूद' असतेच.

लेखाशीर्ष
ठोक योग्य. १९६८ च्या कायद्याने अमेरिकेने पोलीस-न्याय कामासाठी जी केंद्रीय संस्था काढली, ती असंच ठोक द्यायची आणि वाटप राज्यं करायची. १९८२ मध्ये ती बंद झाली. आता वाटप कसं? आपल्या केंद्रपुरस्कृत योजनांसारखं ६०:४० असेल ना?

जर्सीकर
आकडे तेच, अर्थ वेगळा. आपल्याकडे ६० केंद्राचे आणि ४० राज्याचा हिस्सा. जॅगमध्ये सगळा पैसा केंद्राचाच, स्वहिस्सा घालावा लागत नाही. राज्याचा वाटा ठरतो निम्मा लोकसंख्येवर, निम्मा हिंसक गुन्ह्यांवर, आणि छोट्यातल्या छोट्या राज्यालाही निदान पाव टक्का. मग त्यातले ६० टक्के राज्य सरकारला आणि ४० टक्के केंद्राकडून सरळ गावा-शहरांना. ज्या गावाचा वाटा १०,००० डॉलरच्या आत येतो, त्याचे पैसे राज्याकडे जातात. राज्यालाही आपल्या ६० मधला ठरावीक भाग खाली द्यावाच लागतो. त्यालाच पास-थ्रू म्हणतात.

लेखाशीर्ष
सोपं आहे. 'वर्ग करणे'. राज्याने स्थानिक संस्थांना निधी वर्ग केला. त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र मागायचं, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला.

सुनंदा_टीचर
'वर्ग' नको, माझ्या डोळ्यांपुढे फळा येतो. आणि सप्लांट राहूनच गेला की.

जर्सीकर
धन्यवाद टीचर. अट अशी : गावाने आपल्या करातून दोन शिपायांच्या पगाराची तरतूद केलेली असेल, तर तो पगार ग्रँटवर टाकून सुटलेल्या पैशात रस्ता करायचा नाही. ग्रँटने भर पडली पाहिजे, आधीच्या खर्चाची जागा तिने घ्यायची नाही.

सातबारा
याला आपल्याकडे 'निधी वळवणे' म्हणतात.

लेखाशीर्ष
नाही हो. वळवणं म्हणजे आलेला निधी दुसऱ्याच कामावर घालणं. इथे ग्रँटचा पैसा पोलिसांवरच खर्च झालाय, प्रमाणपत्र स्वच्छ आहे. निसटलाय तो गावाचा स्वतःचा पैसा. म्हणून पकडायला अवघड. मी आयुष्यभर ही युक्ती पाहिली, तिला नेमका शब्द आमच्या शाखेत कधी नव्हता.

वाकडं_तिकडं
शब्द आहे की! 'हात आखडता घेणे'. "केंद्राकडून पैसे येतात म्हणून गावाने आपला हात आखडता घ्यायचा नाही." आजोबांना एका वाक्यात समजेल.

शुद्धमती
वाक्य सुंदर आहे, पण कायद्याची अट वाक्प्रचारात मांडता येत नाही. उद्या कुणी म्हणेल, आम्ही फक्त थोडा आखडला. 'पूरक असावा, पर्यायी नसावा' असं लिहा.

वाकडं_तिकडं
कट्ट्यावर वाचायचं टिपण आहे, ताई. 'पूरक-पर्यायी' वाचून कुणीही मान डोलवेल आणि पुढच्या सभेत एकही प्रश्न विचारणार नाही. गावाने हात आखडता घेतला का, हे मात्र लोक उभं राहून विचारतील.

हापूसवाडी
मी उशिरा आलो. ते ४० टक्के राज्याला न शिवता गावाला जातात, त्याला अस्सल मराठी शब्द 'परभारे'. आजी म्हणायची, "आंबे परभारे मुंबईस गेले." म्हणजे वाटेत कुठे न उतरता. पर म्हणजे दुसरा, भार म्हणजे ओझं. दुसऱ्याच्या खांद्यावरून गेलेलं ओझं.

वऱ्हाडी_माणूस
व्युत्पत्ती ओढूनताणून वाटते. आणि आमच्या घरात 'परभारे' म्हणजे न विचारता, परस्पर. "परभारे पैसे उचलले" म्हटलं की चोरीच समजा. सरकारी पैशासाठी हा शब्द वापराल तर लोकांना घोटाळा वाटेल. 'थेट' म्हणा.

हापूसवाडी
दोष 'परस्पर'मध्ये आहे, परभारेमध्ये नाही. "परभारे निरोप पाठवला" यात कुठली चोरी? 'थेट' बातमीवाल्यांनी झिजवलाय, थेट प्रक्षेपण, थेट भेट, थेट सगळंच.

सुनंदा_टीचर
साताऱ्याकडे दोन्ही अर्थ ऐकलेत. लग्न परभारे ठरवलं म्हणजे नातेवाइकांना न विचारता, माल परभारे गेला म्हणजे वाटेत न थांबता. माणसांच्या बाबतीत दोष, मालाच्या बाबतीत नाही.

वऱ्हाडी_माणूस
मग पैसा माल की माणूस? आमच्याकडे पैशाच्या बाबतीत दोषच. यवतमाळ, अमरावती, अकोला, कुठेही विचारा.

हापूसवाडी
आमच्याकडे मनिऑर्डर परभारे यायची, मुंबईहून सरळ आजीच्या हातात, मधल्या काकांना न कळता. त्यात घराचं भलंच झालं. राजापूर, देवगड, मालवण, तिथेही विचारा.

गटग्रामपंचायत
काकांना विचारलं होतं का, त्यांना काय वाटायचं?