रानात अडकल्यावर झाडं खरंच तारतात का?

घाटवाट
माझं मत आधीच सांगतो. दहा झाडं नावानिशी ओळखता येत नसतील, तर सह्याद्रीत आडवाटेला जाऊच नये.

मागच्या दिवाळीनंतर कुमशेतहून पाचनईकडे जाताना आम्ही तिघं वाट चुकलो. अंधार पडला. दोन फोन बंद, तिसऱ्याला रेंज नाही, पाणी अर्धी बाटली. चहूकडे झाडंच झाडं, पण ऐन कुठला आणि हिरडा कुठला हे तिघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं. सकाळी एका गुराख्याने वाटेला लावलं म्हणून सुटलो. ती रात्र अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून शिकतोय. केवणीच्या म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीचा दोर वळता येतो. कुंभ्याच्या सालीतले तंतू ठिणगी धरून धुमसत राहतात. तोड्याच्या बंदुकांना त्याचीच वात वापरत. ऐनाच्या खोडावर फुगवटा असेल तर आत पाणी सापडू शकतं. मार्च २०२४ मध्ये आंध्रातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात कोंडा रेड्डी आदिवासींच्या माहितीवरून वनखात्याने असा फुगवटा फोडला आणि पाण्याची धार लागली. जांभळीजवळ पाणी असतं हे तर बृहत्संहितेतही आहे. आणि खाण्याचं म्हणाल, तर माकडं-पाखरं खातात ते आपल्यालाही चालतं. एवढं तरी प्रत्येक ट्रेकरला यायला हवं.

तळकोकणी
शेवटून दुसरं वाक्य कृपा करून मागे घ्या. ते वाचून कुणीतरी जीव गमावेल.

आमच्या सिंधुदुर्गात काजरा भरपूर. फळ गोल, पिकलं की नारिंगी, बघितल्यावर संत्रंच वाटावं. धनेश ते आवडीने खातो, गर खाऊन बिया टाकून देतो. त्याच बियांत स्ट्रिक्नीन असतं, म्हणजे माणसाला झटके आणून मारणारं विष. पाखरू खातं म्हणून चालतं, हा नियम काजऱ्याच्या झाडाखाली लागू करून बघा म्हणजे कळेल. भेरली माडाची फळं नुसती हाताळली तरी अंगाची आग होते. बिब्ब्याच्या तेलाने कातडी सोलवटते, आणि त्याच बिब्ब्याचं वरचं बोंड लोक वाळवून खातात. एकाच फळाचा एक भाग खाऊ, दुसरा जाळणारा! हे पिढ्यान् पिढ्या जवळ राहून कळतं, यादी पाठ करून नाही.

जांभळीचंही तेच. बृहत्संहितेत वराहमिहिराने सांगितलंय की झाडाच्या उत्तरेला तीन हातांवर, दोन पुरुष खोल पाण्याची शीर लागते. एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. दोन पुरुष म्हणजे विहीरच झाली. ते विहीर खणणाऱ्यासाठी लिहिलंय, तहानलेल्या वाटसरूसाठी नाही.

घाटवाट
माकडा-पाखरांचं वाक्य मागे घेतलं. चूक झाली. धनेशाचं माहीत नव्हतं.

पण याचा अर्थ शिकूच नये असा होत नाही ना? काजरा ओळखता येणं हेही त्याच दहातलं एक. विष कोणतं हे आधी शिकू, खाणं नंतर.

दोरबंद
मी हौशी बचाव पथकात काम करते. आमच्याकडे आलेल्या प्रसंगांत माणूस सहसा एक-दोन रात्री अडकलेला असतो. भुकेने कुणी दगावलेलं मी पाहिलेलं नाही. पाहिलेत ते कड्यावरून पडलेले, उन्हात पाणी संपलेले, पावसात भिजून गारठलेले आणि आग्या मोहोळाने फोडलेले. त्यामुळे फळं-मुळं हा विषयच माझ्या मते गैरलागू आहे.

कुंभ्याच्या वातीबद्दल मात्र मला भीती वाटते. दिवाळीनंतर माळावरचं गवत कोरडं ठाक असतं. एका ठिणगीत वणवा. कड्याला मोहोळ असेल आणि खाली धूर केला, तर माश्या उठतात आणि पळायला जागा नसते. राखीव वनात विस्तव पेटवणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हाही आहे, पण कायद्याच्या आधी मला त्या माश्या दिसतात.

वाट चुकली की थांबा. ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. शिट्टी, टॉर्च, जास्तीचं पाणी एवढं जवळ असेल तर झाडाचं नाव नाही आलं तरी चालेल.

घाटवाट
थंडीत विस्तव नाही, मग ऊब कशाची? निदान वाळक्या पाल्याचा थर अंगाखाली घ्यायचा की नाही? जमीन किती गार लागते हे मी रात्रभर भोगलंय.

तळकोकणी
पाल्यात फुरसं असतं. आधी काठीने लांबून चाळवा, मग ओढा. अंधारात हात घालू नका.

डांगाणी
मी त्याच भागातली, अकोले तालुक्यातली. घाटवाट दादा, ऐनाला कोयता लावू नका एवढंच सांगायला आले.

प्रत्येक ऐनात पाणी नसतं. बाहेरून बघून चुकणारा माणूस पाच झाडं फोडेल तेव्हा एखाद्यात ओंजळभर निघेल, नाहीतर तेही नाही. शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर किती माणूस येतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या शंभरांनी ‘करून बघू’ म्हटलं तर वाटेकडेचा एक ऐन धड राहणार नाही. पापिकोंड्याला त्या झाडांची नेमकी जागा जाहीर केली नव्हती, ती याच भीतीने. आम्हीही राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, ऐनाची फांदी तोडतो, नाही म्हणत नाही. पण खोड राखतो, पुढच्या साली तेच झाड लागतं. शिवाय इथलं रान १९८६ पासून अभयारण्य आहे.

झाडं ओळखावीत हे मात्र मला पटतं. दोरबंद ताई म्हणतात तसं नाव नाही आलं तरी चालेल, हे नाही पटत. उंबर दिसला की ओल जवळ असते. कार्तिकात ओढ्यांच्या डोहांत पाणी असतंच. उंबराखाली खणायचं नाही, खालच्या अंगाला उतरून ओढा बघायचा. पळसाचं पान तोडून द्रोण केला की प्यायला भांडं झालं. याला कोयता लागत नाही की काडेपेटी.

दोरबंद
ताई, तुमच्या पायांना तो ओढा ठाऊक आहे. ओढा धरून खाली उतरलेली माणसंच आम्हाला धबधब्याच्या तोंडाशी सापडतात. पुढे कडा, मागे निसरडा कातळ, वर चढता येत नाही. नवख्याला ओढा धरायला सांगू नका.

डांगाणी
उजेडी म्हणत होते, तेही पाणी भरण्यापुरतं. पाणी घेतलं की त्याच पावली माघारी, उंबरापाशी. ओढा वाट म्हणून धरायचाच नाही, हे लिहायचं राहिलं.

दोरबंद
मग हे पटलं. पाणी भरून मागे या, आणि जिथे होता तिथेच थांबा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडाल.

घाटवाट
ऐन माझ्या यादीतून काढला, कुंभाही. उंबर, पळस राहिले. काजरा आणि बिब्बा ‘हात लावू नये’ या रकान्यात वर घेतले. डांगाणी ताई, तुमच्याकडच्या रानातली अशी अजून कोणती झाडं त्या रकान्यात टाकू?

डांगाणी
रामेठा लिहा पहिला. आमच्याकडची पोरं चालायला लागली की त्यांना तोच आधी दाखवतात.